धर्मग्रंथांतील वेगवेगळ्या हकिगती वाचायच्या कशा?

(वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या निमित्ताने विहारात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे परमपूज्य बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, वस्ती-वस्तीतल्या विहारांत संध्याकाळी लोक जमतात. कामावरून आलेला माणूस हातपाय धुऊन थेट इथेच येऊन बसतो. या वाचनात एक प्रश्न हमखास येतो आणि तो बहुधा मुलंच विचारतात. पुस्तकात, सिनेमात, टीव्हीवर असं असतं की सिद्धार्थाने म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिलं, संन्यासी पाहिला आणि मध्यरात्री बायको-मूल झोपेत असताना तो घर सोडून गेला. इथे मात्र बाबासाहेब सांगतात की रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यातून त्याला घर सोडावं लागलं. मग खरं कोणतं?

पुष्कळ घरांत या प्रश्नाला उत्तर मिळतं, "गप्प बस, मोठ्यांना उलट विचारू नये." बंधूंनो, बौद्धाच्या घरात हे उत्तर शोभत नाही. आज गप्प बसवलेलं मूल उद्या विचारायचंच सोडून देतं आणि पुढे विहारात यायचंही सोडून देतं.

दुसरी गोष्ट. आपल्यातल्या कितीतरी जणांची गावं अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, आणि जालन्याकडची. तिकडे एकाच भावकीत कुणी १९५६ नंतर बौद्ध झाले, तर कुणाचे आजे-पणजे त्याआधीच ख्रिस्ती झालेले. पोटापाण्यासाठी सगळेच इकडे आले. लग्नाकार्यात गाठ पडते, जेवणं झाली की पान-सुपारीबरोबर वाद रंगतो. आपला तरुण म्हणतो, "तुमच्या बायबलमध्ये एकच गोष्ट चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलीय." तो म्हणतो, "आणि तुमच्या बुद्धचरित्रात तरी एक गोष्ट कुठे आहे?" दोघांचंही म्हणणं खरं असतं, पण दोघंही ते एकमेकांना खाली पाडायला वापरतात. त्यातून ज्ञान वाढत नाही, फक्त नात्यात तेढ येते.

म्हणून आजचा विषय. एकाच घटनेच्या दोन हकिगती जुळत नसतील, तर शहाण्या माणसाने त्या वाचायच्या कशा? मी आधी ख्रिस्ती ग्रंथांकडे जाणार आहे. या प्रश्नावर त्यांच्या पंडितांनी जवळजवळ अठराशे वर्षं डोकं खपवलंय. शिवाय दुसऱ्याच्या ग्रंथाकडे पाहताना आपलं मन गुंतलेलं नसतं, म्हणून पद्धत नीट समजते. ती समजली की मग आपल्या घरात येऊ.

चार शुभवर्तमाने

येशूचे चरित्र बायबलच्या नव्या करारात चार वेळा आलेले आहे. मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशा चार नावांची ही चार शुभवर्तमाने. येशू बोलत होता अरामी भाषा. ही पुस्तके लिहिली गेली ग्रीक भाषेत. बहुतेक अभ्यासक मार्कचे पुस्तक सर्वांत आधीचे, इ. स. ७० च्या आसपासचे मानतात. म्हणजे घटना घडली आणि ती लिहिली गेली यांत तीस-चाळीस वर्षे गेली. तोवर ती लोकांच्या तोंडी होती.

नाताळात आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत गव्हाणीचा देखावा मांडतात. तो आपण सर्वांनी पाहिलाय. बाळ, आईवडील, मेंढपाळ आणि भेटी घेऊन आलेले तीन ज्ञानी पुरुष, सगळे एकाच गोठ्यात. आता ग्रंथ उघडा. मेंढपाळ आणि गव्हाण आहेत लूकच्या पुस्तकात. ज्ञानी पुरुष आहेत मत्तयच्या पुस्तकात. मत्तयमध्ये ते गोठ्यात येत नाहीत, घरात येतात. ते तीन होते असंही तिथे लिहिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून लोकांनी माणसं तीन धरली. मार्क आणि योहान यांनी तर जन्माची कथाच दिलेली नाही. म्हणजे तो देखावा ही दोन हकिगतींची भाविकांनी मायेने घातलेली सांगड आहे. यात लबाडी कुणाचीच नाही. पण ग्रंथात काय आहे आणि आपण काय जोडलंय, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे.

आता फरक कसकसे असतात ते बघा.

काही फरक नुसते सांगण्याचे असतात. येशूला वधस्तंभावर दिले तेव्हा वर एक पाटी लावली होती. तिचा मजकूर चारही पुस्तकांत थोडा थोडा वेगळा आहे. 'यहूद्यांचा राजा' हे शब्द चौघांकडे आहेत. दोघे त्याचे नाव देतात. त्यांतला एक गावही देतो. योहान म्हणतो, पाटी तीन भाषांत होती. मग मजकुरात फरक पडला तर नवल काय? मुद्दा चौघांचा एकच आहे.

दुसरं उदाहरण. एका रोमन शताधिपतीचा, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अंमलदाराचा, चाकर आजारी असतो. मत्तय सांगतो की तो अंमलदार स्वतः येशूकडे आला. लूक सांगतो की त्याने यहूदी वडीलधाऱ्यांना पाठवलं. आपणही बोलताना म्हणतोच की, "साहेबांनी नळ बसवून दिला." साहेबांनी काही पाना हातात धरलेला नसतो. ज्याच्या सांगण्यावरून काम झालं त्याच्या नावावर ते सांगायचं, ही बोलायची रीतच आहे. हा फरक असा सहज सुटतो.

काही फरक काळाचे असतात. यरुशलेमच्या मंदिरातल्या व्यापाऱ्यांना येशूने हुसकावून लावलं, सराफांचे चौरंग उलथले. मत्तय, मार्क आणि लूक ही घटना त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात सांगतात. योहान ती अगदी सुरुवातीला सांगतो. काही जण म्हणतात, असं दोनदा घडलं. काही म्हणतात, घडलं एकदाच, पण योहानाने ती कथा आपल्या मांडणीसाठी आधी घेतली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आणि काही फरक असे असतात की ते सुटत नाहीत. येशूला पकडून देणारा यहूदा इस्कार्योत मेला कसा? मत्तय सांगतो, त्याला पश्चात्ताप झाला, चांदीची तीस नाणी त्याने मंदिरात टाकून दिली आणि गळफास घेतला. मग याजकांनी त्या पैशात कुंभाराचे शेत विकत घेतले. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे की शेत त्याने स्वतःच घेतलं आणि तिथे तो पालथा पडून पोट फुटून मेला. दोन्हीकडे त्या जागेला 'रक्ताचे शेत' म्हणतात, पण नावाचं कारण निराळं दिलेलं आहे. जुन्या टीकाकारांनी जुळवणी केली की फास घेतला, दोर तुटला आणि तो खाली पडला. होऊ शकेल. पण दोर तुटल्याचं दोन्हीपैकी एकाही पुस्तकात नाही. ही तिसरी गोष्ट वाचणाऱ्याने तयार केलेली आहे. आणि शेत कोणी घेतलं, हा प्रश्न त्यानंतरही राहतोच.

त्यांनी काय काय केलं?

या फरकांचं करायचं काय, याच्या तीन वाटा ख्रिस्ती लोकांनी चोखाळल्या.

पहिली वाट, चारांचं एक करायचं. इ. स. १७० च्या सुमारास तातियान नावाच्या सीरियाकडच्या लेखकाने चारही पुस्तकांतले धागे घेऊन एक सलग चरित्र विणले. सीरियातल्या चर्चमध्ये ते कितीतरी पिढ्या वाचलं जात होतं. सोपं होतं, मुलांना समजत होतं. पण पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने अशा दोनशेहून जास्त प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमाने ठेवली. म्हणजे चर्चने गैरसोय पत्करली, पण चार साक्षीदारांचे चार आवाज मिटू दिले नाहीत.

याच वाटेवर आपल्या मराठीतला एक मोठा ग्रंथ आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्याला आले. त्यांनी मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. दहा हजारांवर ओव्या! त्याच्या दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र सलग कथेच्या रूपात आहे, कारण पुराण ऐकणाऱ्या मराठी माणसाला कथा सलग लागते. ते लिहिलं गेलं गोव्याच्या साष्टी भागात. आपलं ठाणेही साष्टी बेटावरच आहे, पण ही साष्टी ती नव्हे. गोव्याच्या साष्टीचं नाव ध्यानात असू द्या.

दुसरी वाट, प्रत्येक फरकाला उत्तर द्यायचं. इ. स. ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टिन यांनी चारही शुभवर्तमानांत विरोध नाही हे दाखवणारा खास ग्रंथ लिहिला. त्यांचं एक म्हणणं पटण्यासारखं आहे. साक्षीदार आठवेल त्या क्रमाने सांगतो. शब्द वेगळे झाले म्हणून तो खोटा ठरत नाही. ही वाट पुष्कळ दूरपर्यंत नेते. पण यहूदाच्या शेतापाशी आल्यावर ओढाताण होतेच.

तिसरी वाट, शेजारी-शेजारी मांडायचं. १७७० च्या दशकात ग्रीसबाख या जर्मन पंडिताने मत्तय, मार्क आणि लूक यांचा मजकूर उभ्या रकान्यांत एकमेकांशेजारी छापला. रकाने समोरासमोर आले आणि दिसू लागलं की कुठे शब्दशः सारखं आहे, कुठे एकाने वाढवलंय, कुठे गाळलंय. मग प्रश्न बदलला. 'जुळतं का?' याच्या जोडीला 'कोणी, कोणासाठी, केव्हा लिहिलं?' हे विचारलं जाऊ लागलं. आज चर्चच्या धर्मगुरूंच्या शिक्षणातही हे रकाने वापरतात. त्यामुळे त्यांचा धर्म बुडाला नाही.

सोपाऱ्याचा शिलालेख

आता आपल्याकडे येऊ, आणि आपल्याच भागापासून सुरुवात करू. नालासोपारा २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यात होतं, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. प्राचीन काळचं ते शूर्पारक बंदर. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. १९५६! आपल्या धम्मदीक्षेचंच साल.

हा नववा लेख म्हणजे आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा वेळी लोक जे विधी करतात त्यांवर अशोकाने केलेला उपदेश. नोकराचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांबाबत संयम, दान हाच खरा मंगलविधी, असं तो सांगतो. हा लेख देशात अनेक ठिकाणी कोरलेला आहे. आणि बंधूंनो, त्याचा शेवट सगळीकडे सारखा नाही! गुजरातेत गिरनारला आणि ओडिशात धौलीला एक शेवट आहे, त्यात धम्मदानाची थोरवी आहे. उत्तरेकडे काळसीला आणि आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला दुसराच शेवट आहे. त्यात धम्माच्या विधीचं फळ इथे नाही तर पुढे मिळतंच, असं सांगितलंय. राजा एक, लेख एक, दगडात कोरलेला, तरी फरक!

याचा खुलासा अशोकाने स्वतः केलाय. चौदाव्या लेखात तो सांगतो की माझे लेख कुठे थोडक्यात आहेत, कुठे मध्यम, कुठे विस्ताराने. राज्य मोठं आहे, सगळं सगळीकडे नाही. गोडीमुळे काही पुन्हा पुन्हा सांगितलंय. आणि कुठे काही अपुरं राहिलं असेल तर ते जागेमुळे, काही कारणामुळे किंवा लेखनिकाच्या चुकीमुळे. केवढा मोकळेपणा! फरक आहेत हे त्याने लपवलं नाही, आणि फरक आहेत म्हणून लेख पुसूनही टाकले नाहीत. दगडाची ही गत, मग शेकडो वर्षं तोंडपाठ ठेवलेल्या वचनांची काय कथा?

सिद्धार्थाचे गृहत्याग

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. आपणही रकाने मांडू.

पहिला रकाना, पाली सुत्तांचा. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात भगवान स्वतःची हकिगत सांगतात. तरुण होतो, केस काळेभोर होते, आईवडिलांची संमती नव्हती, ते रडत होते, तेव्हा मुंडन करून, काषाय वस्त्रे घालून मी घर सोडलं. यात मध्यरात्र नाही, घोडा नाही, झोपलेली पत्नी नाही. आईवडील रडताहेत म्हणजे जाणं त्यांच्या डोळ्यांदेखत झालंय. म्हातारपण, आजार, मरण यांचा विचार आहे, पण तो विचार म्हणून आहे. रस्त्यावरच्या चार दृश्यांची गोष्ट जुन्या सुत्तांत येते ती दीघनिकायाच्या महापदान सुत्तात, आणि तिथे ती विपस्सी बुद्धाबद्दल आहे. सिद्धार्थाच्या चरित्रात ती रंगली अश्वघोषाचे 'बुद्धचरित', जातककथांची 'निदानकथा' अशा नंतरच्या ग्रंथांत.

दुसरा रकाना, आचार्य धर्मानंद कोसंबींचा. हे कोसंबी गोव्याचे, सांखवाळचे, १८७६ चा जन्म. सांखवाळ जुन्या साष्टी भागातलंच. ज्या मातीत क्रिस्तपुराण झालं त्याच मातीतून मराठीला बुद्ध सांगणारा पंडित निघाला! पाली शिकायला ते श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत गेले. त्यांनी आपल्या 'भगवान बुद्ध' ग्रंथात जुनी सुत्तं समोरासमोर ठेवून गृहत्यागाची कारणं शोधली. एक, घरसंसाराची कोंडी. दोन, जरा-व्याधी-मरण यांचा विचार. तीन, माणसांनी माणसांवर शस्त्र उगारलेलं पाहून आलेला उद्वेग, आणि याला आधार सुत्तनिपातातलं अत्तदण्ड सुत्त. हा उद्वेग त्यांनी शाक्य-कोलीयांच्या रोहिणीच्या तंट्याशी जोडला.

तिसरा रकाना, बाबासाहेबांचा. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी हा प्रश्न सरळ टाकलाय. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलंच नव्हतं, हे बुद्धीला पटत नाही. मग त्यांनी सिद्धार्थाला शाक्य संघाचा सभासद म्हणून उभं केलं, युद्धाला एकट्याने विरोध करणारा आणि त्याची किंमत मोजणारा. यशोधरा झोपेत फसवली जात नाही. ती जाणते आणि संमती देते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती उद्या तुमच्या मुलाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा इथे कळलेली बरी. पालीच्या अट्टकथांत, म्हणजे नंतरच्या टीकाग्रंथांत, रोहिणीचा तंटा बुद्धत्व मिळाल्यानंतरचा सांगितलाय. भगवान मध्ये पडून तो मिटवतात. अत्तदण्ड सुत्तात रोहिणीचं नाव येत नाही. मंदिरातल्या व्यापाऱ्यांची घटना आठवा. कुणी आधी सांगतो, कुणी नंतर. इथेही तसंच आहे. म्हणून काय बाबासाहेबांचं म्हणणं कोसळलं? मुळीच नाही. त्यांनी कुठे म्हटलं की डोळे मिटून माना? त्यांनी कारण देऊन निवड केली. बुद्धवचन ओळखायच्या कसोट्याही त्यांनी ग्रंथात दिल्यात. ते बुद्धीला आणि तर्काला धरून आहे का, माणसाच्या कल्याणाचं आहे का, हे पाहा. वचनं तोंडी चालत आली, म्हणून त्यांत घोटाळे झाले, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. आणि ही रीत जुनीच आहे. महापरिनिब्बान सुत्तात भगवान सांगून ठेवतात की कोणी म्हणालं, हे मी बुद्धांच्या तोंडून ऐकलं, संघाकडून ऐकलं, थोर भिक्खूंकडून ऐकलं, तरी लगेच मान डोलवू नका आणि लगेच झिडकारूही नका. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा.

घरी काय सांगायचं?

तेव्हा मुलाने विचारलं तर त्याला चार गोष्टी सांगा.

एक, दोन्ही हकिगती आधी पूर्ण वाच आणि शेजारी ठेव. अर्धवट ऐकून निकाल देऊ नको. दोन, कोणती जुनी, कोणती नंतरची, कोणी कोणासाठी सांगितली ते विचार. शब्दांचे, क्रमाचे फरक सांगण्यातून पडतात, त्यांचा बाऊ नको. तीन, जे जुळत नाही ते गोंद लावून चिकटवू नको. 'सिद्धार्थाने चार दृश्यंही पाहिली आणि त्याच आठवड्यात रोहिणीचं भांडणही झालं' अशी नवीनच गोष्ट रचू नको. जी निवडशील ती का निवडलीस, ते सांगता आलं पाहिजे. चार, आपल्या ग्रंथाला जी कसोटी, तीच दुसऱ्याच्या ग्रंथाला. आपल्या फरकाला 'परंपरा' आणि त्यांच्या फरकाला 'थाप' म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

आणि पुढच्या लग्नात भावकीतला ख्रिस्ती भाऊ भेटला, तर यहूदाचं शेत त्याच्या तोंडावर फेकू नका. त्याला विचारा, "तुमच्यात याचा अर्थ कसा लावतात?" मग त्यालाही रोहिणीची दोन्ही बाजूंची हकीकत सांगा. आपलं दाखवून मग दुसऱ्याचं विचारणाऱ्याशी कुणी भांडत नाही.

माता-भगिनींनो, वाचन ऐकायला येताना मुलांना घरी ठेवून येऊ नका. त्यांना पुढच्या रांगेत बसवा आणि विचारू द्या. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकी कुणालाच आलं नाही, तर भन्तेजी आहेत, विहाराच्या कपाटात पुस्तकं आहेत, पुढच्या रविवारी शोधून सांगू. समितीलाही माझी विनंती आहे. बाबासाहेबांच्या ग्रंथाशेजारी कोसंबींचे 'भगवान बुद्ध' आणि सुत्तांची मराठी भाषांतरं कपाटात असू द्या. नुसती असू देऊ नका, घरी न्यायला द्या.



जय भीम! नमो बुद्धाय!